कुडातला कोयता

पहिला पंचनामा मी लिहिला तेव्हा नववीत होते. ओढ्याकाठी वीज पडून एक म्हैस मेली होती आणि तिच्या मालकाला सरकारी मदत मिळायची तर कागद होणं भाग होतं. ठाण्यावरून आलेले जमादार आमच्या सोप्यात टेकले, दोन कप चहा प्याले, पिशवीतून कोरे कागद काढले आणि म्हणाले, "पाटील, चष्मा इसारला की वं." अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आत हाक मारली. "शाले, ये हिकडं. तुजं अक्षर बरं हाय. जमादार सांगत्यात तसं ल्ही." मी पाटावर बसले, मांडीवर वही घेऊन तिच्यावर कागद ठेवला आणि जमादार सांगायला लागले : 'आम्ही खाली सह्या करणारे पंच, पोलिसांनी बोलावल्यावरून आज रोजी समक्ष हजर राहून असा पंचनामा लिहून देतो की...' एवढं लांब, न अडखळणारं वाक्य आमच्या मराठीच्या पुस्तकातसुद्धा नव्हतं. मला ते भारी आवडलं. ओढ्याकडं मात्र आमच्यापैकी कुणी गेलं नव्हतं. म्हैस काळी, शिंगं मागं वळलेली, तोंड उत्तरेला, हे सगळं तिच्या मालकानं सोप्यात उभं राहूनच सांगितलं आणि पंच म्हणून सह्या केल्या आमच्या वाटेकऱ्यानं आणि समोरच्या दुकानदारानं. त्यानंतर जमादारांना चष्मा कधी सापडलाच नाही.

ज्यांना कोर्टकचेरीचा वारा लागलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पोलिसांना एखादी जागा पाहायची असली, वस्तू जप्त करायची असली, की गावातली दोन तिऱ्हाईत माणसं सोबत घ्यावी लागतात. तेच पंच. पोलिसांनी पाहिलं ते आम्हीही डोळ्यांनी पाहिलं, एवढंच त्यांनी सहीनिशी सांगायचं. नुसत्या पोलिसाच्या शब्दावर कुणी तुरुंगात जाऊ नये, म्हणून कायद्यानं हे मोठ्या शहाणपणानं ठरवलेलं आहे. पण ही दोन माणसं कामाधामातून उठवून आणायची कुणी? गावच्या पोलीस पाटलानं. आमचे अण्णा फौजेतून नायक म्हणून परत आले आणि पोलीस पाटील झाले. त्यांनी कधी कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही, हे मी आज कुणासमोरही सांगेन. पण वरून आलेला शब्द हा हुकूम असतो आणि हुकमाला कारण विचारायचं नसतं, ही फौजेची शिस्त त्यांनी गणवेशाबरोबर उतरवली नाही. पांढराशुभ्र इस्त्रीचा नेहरूशर्ट घालून ते सोप्यात बसत. भर उन्हात कुणाला तरी खुरपणीतून उठवून ओढ्यापर्यंत चालवत न्यायचं त्यांच्या जिवावर येई. त्यापेक्षा चहा पाजून सही घेतलेली सगळ्यांनाच बरी वाटायची. गावात कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मलाही नाही.

जमादारांची मोटारसायकल वेशीतून आत आली की तिचा फटफटाट आमच्या चुलीपर्यंत पोचायचा आणि आई आतून विचारायची, "सरकार आलं का? किती मान्सं?" एकटे जमादार असले तर गुळाचा चहा. बरोबर कुणी शिपाई असला तर भाकरी, खर्डा, वर कच्चा कांदा फोडून. फौजदार यायचे त्या दिवशी सकाळीच कोंबडं पकडायची धावपळ, मग दुपारभर मसाला वाटल्याचा घरघर आवाज आणि तांबड्या रश्श्याचा वास. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. सोप्यातून माझ्या तोंडचं 'आम्ही खाली सह्या करणारे' ऐकू आलं की ती स्वतःशी हसायची. लेक सरकारी भाषा बोलते याचा तिला अभिमान होता. तोवर तरी होता.

हिराकाकी आमच्या भावकीतली. नवरा फौजेत होता, लग्नानंतर चौथ्या वर्षी गेला. मूलबाळ नव्हतं. दोन एकर जमीन तिच्या वाट्याची, त्याला लागून तिच्या दिराची, दिनकरची. "पोर ना बाळ, रानाचं काय करतीया?" असं दिनकर पारावर बसून म्हणायचा आणि ती पाराजवळून जाताना मुद्दाम थांबून म्हणायची, "उसाला पानी पाजती भावजी, पोरावानीच पाजती. तुमी येताय का बारं द्याला?" माणसं हसायची. तिनंच मला पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे कमरेला वाळके भोपळे बांधले, विहिरीच्या काठावर उभं केलं आणि पाठीत हात घालून ढकललं. मी नाकातोंडात पाणी जाऊन वर आले तर ही वरून ओरडते, "रडतीस काय? हात मार!" पोहून झाल्यावर आम्ही तिच्या घरी जायचो. दोन खोल्यांचं घर, मागं आणि पश्चिमेला तुराट्यांचे, शेणामातीनं सारवलेले कूड, आणि पूर्वेला, दिनकरच्या घराला लागून, काळ्या दगडांची जाड भिंत. वैशाखातही गार असायची. ओली पाठ तिला टेकून मी भाजक्या शेंगा खात बसायचे.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला सांगलीला होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. पाटाचं पाणी पाळीनं मिळायचं. त्या दिवशी हिराकाकीच्या पाळीत दिनकरनं बांध फोडून पाणी आपल्या उसात वळवलं. ती बांधाकडेला खुरपत होती. उठली, जाऊन चिखलानं बांध लिंपला. त्यानं पुन्हा फोडला. तिनं पुन्हा लिंपला. तिसऱ्यांदा तो खोरं उगारून तिच्या अंगावर आला आणि तिनं हातातलं खुरपं चालवलं. त्याचं मनगट फाटलं, शिरा तुटल्या. खुरपं पाटात पडलं ते पडलंच. तिनं आपल्याच लुगड्याचा काठ फाडून त्याचा हात बांधला, माणसं बोलावली, आणि स्वतः चालत ठाण्यात जाऊन बसली. "मी मारलंय. आंगावर आला म्हनून मारलंय," एवढंच तिथं म्हणाली. शेजारच्या रानात खुरपणाऱ्या दोन बायकांनी हे पाहिलं होतं. दुपारपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं. आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही बायकांना काहीच आठवेना, कारण त्या दिनकरच्याच रानात कामाला जात.

तिसऱ्या दिवशी सकाळी जमादार आले. चहा झाल्यावर त्यांनी पोत्यात गुंडाळलेला ऊस तोडायचा एक कोयता कट्ट्यावर ठेवला. "पाटील, खुरपं काय घावंना. हत्याराबिगर केस टिकत न्हाई. ह्यो तिच्याच घरातला हाय, खोटं काय न्हाई त्यात. आरोपीनं काडून दिला म्हनून कागूद करायचा. आन् आरोपी बाई हाय, तवा एक पंच बाई पायजे." अण्णा आतल्या दाराकडं बघायला लागले. जमादार म्हणाले, "अंगठा नको. सही आसली म्हंजी कोर्टाला बरं दिसतंय." मग दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मला नुकतं अठरावं पूर्ण झालं होतं. अण्णा म्हणाले, "शाले, सही करायची. साताऱ्याला जावं लागंल कवातरी. भ्याचं न्हाई." भिते कोण? मला तर मान मिळाल्यासारखं वाटलं. एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या सह्यांचे कागद लिहीत होते.

मी लिहायला बसले. हिराकाकी त्या वेळी वीस मैलांवर तालुक्याच्या कोठडीत होती आणि मी लिहीत होते की, 'आरोपी महिलेने आम्हा पंचांसमक्ष स्वखुशीने सांगितले की, हत्यार मी लपवून ठेवले आहे, ते काढून देते.' जमादार सांगत होते, "घराच्या कुडात खुपसून ठेवल्याला कोयता काडून दिला." मी विचारलं, "कुठल्या बाजूच्या कुडात?" "घाल की कंच्या बी." नुसतं 'कुडात' म्हटलं तर कागद उघडा पडतो, असं मला वाटलं. म्हणून मी माझ्या मनानं लिहिलं, 'पूर्वेकडील कुडात, जमिनीपासून अंदाजे दोन हात उंचीवर, पाते आत व मूठ बाहेर अशा स्थितीत.' पूर्व का? कागदात पूर्व शोभते म्हणून. सगळे पंचनामे पूर्वेपासूनच सुरू व्हायचे. त्या घराच्या पूर्वेला काय आहे ते मला गावात सगळ्यात जास्त ठाऊक होतं, आणि लिहिताना ते घर एकदाही माझ्या डोळ्यांपुढं आलं नाही. जमादारांनी वाचून मांडीवर थाप मारली. "पाटील, पोरगी फौजदार हुतीया बगा!"

आत गेले तर आई भाकरी थापत होती. "शालू, तू गेलीवतीस हिराच्या घरला?"

"नाही."

"मग ल्हिवलंस कशावरनं?"

"असंच लिहितात, आई."

"आसंच म्हंजी कसं?"

"तुला नाही कळायचं त्यातलं," मी म्हणाले. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. त्या संध्याकाळपासून ती हिराकाकीच्या म्हशीची धार काढायला जायला लागली. रोज दोन वेळा, अण्णांच्या समोरून, चरवी घेऊन. अण्णा तिला "कुठं निगालीस?" असं विचारत नव्हते आणि ती सांगत नव्हती.

कोर्टाचं समन्स दुसऱ्या वर्षी सांगलीच्या वसतिगृहावर आलं. अण्णा एस.टी.नं आले, भडंगाचा पुडा घेऊन दिला आणि शर्टाच्या आतल्या खिशातून पंचनाम्याची कार्बन कॉपी काढून दिली. जांभळी पुसट अक्षरं, माझीच. "पाठ कर. एक शबूद हिकडं तिकडं हुता कामा नये." माझी खोलीमैत्रीण मंगल, मिरजेकडच्या बागायतदार जैन घरातली, भारी खट्याळ. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर ती वकील व्हायची आणि पायरीवर उभी राहून ओढणीचा कोट करून ओरडायची, "साक्षीदार, तुम्ही धडधडीत खोटं बोलताय!" मी म्हणायचे, "वकीलसाहेब, आवाज चढवल्यानं खोट्याचं खरं होत नाही." ती हसून लोळायची. "अगं, तू त्या वकिलाला रडवशील!" आम्ही दोघी खोट्याची तालीम करत होतो आणि आम्हाला तो वक्तृत्वाचा सराव वाटत होता.

साताऱ्याला कोर्टाच्या खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा उतार दिसत होता. गावातली दहा-बारा माणसं बाकांवर बसली होती, पुढच्या रांगेत दिनकर, वाकडा हात मांडीवर सर्वांना दिसेल असा ठेवून. आरोपीच्या पिंजऱ्यात हिराकाकी. जामीन राहायला कुणी पुढं आलं नव्हतं, वर्षभर ती आतच होती. अंगावरचं मांस उतरलं होतं पण मान तशीच. दुसरा पंच, आमचा वाटेकरी, कोर्टाची पायरी पाहूनच गांगरला, म्हणून सरकारी वकिलांनी मला एकटीलाच उभं केलं. मी शपथ घेतली. पाठ केलेलं सगळं सांगितलं. तिचा वकील सरकारनं दिलेला, तरुण, घाईतला. त्यानं आमचं गाव कधी पाहिलेलं नव्हतं.

"दोन हात उंची म्हणता. मोजली होती?"

"हो. हातानं."

"कुणाच्या?"

"माझ्याच. दुसऱ्याचा हात मी कशाला धरू?" कोर्ट हसलं.

"तुमचे वडील पोलीस पाटील आहेत. पोलीस सांगतील तिथं तुम्ही सही करता, बरोबर?"

"वडील पोलीस पाटील आहेत म्हणून मी खोटी, तर तुमचे वडील काय करतात तेही सांगून टाका, म्हणजे तुमचाही हिशेब लागेल." पुन्हा हशा. न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदारानं उत्तरं द्यावीत, प्रश्न विचारू नयेत," पण त्यांच्या ओठांवर हसू होतं आणि ते मी पाहिलं. मला चढलं. मी जन्मात इतकी ताठ उभी राहिले नव्हते.

तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला. "आवं सायेब, माझ्या घराला पूर्वंला कूड न्हाईच! दगडी भित हाय! इचारा की तिला. त्याच भितीला पाठ लावून शेंगा खात बसायची ती!"

शिपायानं तिला दटावलं. न्यायाधीश तिला शांतपणे म्हणाले, "तुमचं म्हणणं नंतर ऐकलं जाईल. मध्ये बोलू नका." मग माझ्याकडं वळले. "साक्षीदार, पूर्वेच्या बाजूला कूडच होता, हे नक्की?"

इथं मला थांबून सांगायचंय, कारण एवढ्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलंय. तोवर जे झालं होतं ते आमच्याकडं सगळेच करतात तसं होतं. कागद सोप्यात लिहिला, शब्द जमादारांचे, हुकूम अण्णांचा, वय अठरा. मी एवढ्यावरच अडून राहू शकले असते, आणि पुढं कोर्टाच्या पेशात भेटलेल्या कितीतरी सहृदय माणसांनी मला तेच सांगून पाहिलंय. पण तो प्रश्न मला एकटीला विचारला होता. 'चूक झाली' एवढे दोन शब्द पुरे होते. न्यायाधीश चांगले होते, त्यांनी मला वाट करून दिली होती. बाकांवरच्या प्रत्येकाला ती भिंत माहीत होती. मी वळून पाहिलं. अण्णा स्वतःच्या बुटांकडं बघत होते. मला भीती वाटत नव्हती. मला फक्त हरायचं नव्हतं. इतकी हसवलेली माणसं आता माझ्यावर हसतील, एवढंच मनात होतं.

"हो, कूडच होता," मी म्हणाले. आणि कुणी विचारलं नसताना पुढं जोडलं, "दगडी भिंत आहे, पण ती दक्षिणेला."

विहिरीच्या काठावरून बघायची तशी हिराकाकी माझ्याकडं बघत राहिली. साक्ष संपल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, "काय शिकता?" मी सांगितलं. "कायद्याकडं जा. असं न डगमगता बोलणारी माणसं आम्हाला हवी असतात." मी गेले. माझ्या तीस वर्षांच्या वकिलीची आणि न्यायाधीशपणाची सुरुवात ही अशी आहे. सत्कारांत मी ती दरवेळी वेगळी सांगितली.

हिराकाकीला सात वर्षांची सजा लागली. पुढं वकील झाल्यावर मी त्या निकालाची नक्कल काढून वाचली. स्वसंरक्षणासाठी मारलं असतं तर हत्यार लपवण्याचं कारण नव्हतं, असं त्यात होतं. पाण्याच्या पाळीला कोयता घेऊन जाणाऱ्या बाईचा हेतू काय, असंही होतं. आणि सगळं ज्याच्यावर उभं, ती साक्ष 'तरुण, सुशिक्षित व तिऱ्हाईत' मुलीची. न्यायाधीशांचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्यासमोर जे ठेवलं त्यातून दुसरा निकाल निघत नव्हता.

निकालाच्या दिवशी दिनकरनं आमच्या घरी कंदी पेढ्यांचा पुडा पाठवला. आईनं तो जसाच्या तसा कोनाड्यात ठेवला आणि मुंग्यांनी संपवला. आठ दिवसांनी दिनकरच्या माणसानं येऊन तिच्या हातातून म्हशीचं दावं काढून घेतलं. त्यानंतर जमादारांची मोटारसायकल दारात आली की आई आतूनच सांगायची, "साखर संपलीया." गुळाचा करा म्हटलं तर, "गूळ बी." अण्णांनी रागावून पाहिलं, साखरेचं पोतंच आणून ठेवलं. पोत्याशेजारी उभी राहून ती तेच म्हणायची. ती जाईपर्यंत त्या घरात खाकी कपड्यातल्या माणसानं चहा प्याला नाही. त्या घरात ठाम माणूस एकच होतं, आणि त्याला सही येत नव्हती.

न्यायाधीश झाल्यावर माझ्यासमोर शेकडो पंच उभे राहिले. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "तिथं जाताना वाटेत काय लागलं?" खरंच गेलेला माणूस लगेच सांगतो, चिंच लागली, कुत्रं भुंकलं, चप्पल तुटली. न गेलेला कागदाकडं बघतो. वकिलांनी माझं नाव 'वाटेतल्या बाई' पाडलं होतं. मी कितीतरी पंचनामे फेकून दिले, कितीतरी आरोपी सोडले. त्यांतले काही खरोखरचे गुन्हेगार असणार. लोक याला माझी निर्भीडता म्हणत. माझं देणं मी दुसऱ्यांच्या खटल्यांतून फेडत होते, आणि ज्या बाईचं देणं होतं ती आटपाडीकडं माहेरी भाच्याच्या घरी शेळ्या राखत होती. तिचे दोन एकर केव्हाच दिनकरच्या नावावर चढले होते. अण्णा जिवंत असेतोवर मी तोंड उघडलं नाही. हीदेखील भित्रेपणाची कबुली समजा. ते गेले, वर्षश्राद्ध झालं, मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. भावाला सांगितलं तर फोनवर ओरडला, "बापाची माती करतीस तू!" जुन्या सहकाऱ्यांनी समजावलं, आता कुणाला उपयोग, जुनी प्रथा, सगळेच करतात. सगळेच करतात हे मला कुणी शिकवायला नको. मी माझी सांगते आहे. कायद्याला माझं जे करायचं असेल ते त्यानं खुशाल करावं. खोट्या साक्षीला शिक्षा किती हे मला तोंडपाठ आहे.

गेल्या वर्षी आटपाडीला गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना डाळिंबाच्या बागा झाल्यात, पण तिच्या भाच्याचं घर माळावरच होतं. ती अंगणात शेळीला पाला घालत होती. सत्तरीच्या पुढची, पाठ वाकलेली. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "वळखलं. बस." मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. मी गेले नव्हते, मी लिहिलं, मी कोर्टात रेटलं. आता कोर्टात प्रतिज्ञापत्र देणार आहे. तुझी पाच वर्षं परत येत नाहीत, पण...

"सात हुती. चांगली वागली म्हनून दोन सोडली," ती म्हणाली. मग पाला खाली ठेवला. "वर्सांचं राहू दे गं. मारलं तर हुतंच मी. मारलं त्याची शिक्षा झाली, झाली. आजबी म्हंती मी, मारलं. पर चोरावानी कुडात खुपसलं म्हनून ल्हिवलंस तू. मी लपवीन? माझ्या पायानं चालत ठाण्यात गेल्ती मी! सुटून आल्यावर गावात गेली तवा पोरंसोरं म्हनत्यात, ही बग, कोयता लपीवनारी. म्हनून सोडलं मी गाव."

मला वाटत होतं मी तिची वर्षं घेतली. तिच्या लेखी मी तिचं काय घेतलं होतं, ते मला छत्तीस वर्षांत सुचलंसुद्धा नव्हतं.

"प्रतिज्ञापत्र देते मी," मी पुन्हा म्हणाले.

"दे जा. कोर्टात माझं कोन हाय? गावात सांग. समद्यांम्होरं. मी येती."

ग्रामसभा ग्रामपंचायतीच्या नव्या हॉलमध्ये होती. पंखे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक खरखरणारा माईक. निम्मी माणसं मला ओळखत होती आणि न्यायाधीशबाई काहीतरी देणगी जाहीर करणार, अशा अपेक्षेनं पुढं सरकून बसली होती. दिनकर पहिल्या रांगेत, काठी टेकून. हिराकाकी दाराजवळ, भाच्याचा हात धरून. मी बोलले. कुठलाही आडपडदा ठेवला नाही. पंचनामा आमच्या सोप्यात झाला, कोयता मी आमच्या कट्ट्यावर पाहिला, हिराकाकीनं काहीही लपवलं नव्हतं, आणि मी शपथेवर खोटं बोलले. अण्णांचं नाव घेतलं तेव्हा भाऊ उठून बाहेर गेला. मी थांबले नाही.

मग दिनकर बसल्या जागेवरून म्हणाला, "झालं का? आवं बाई, मानसं मेली त्यातली निम्मी. आता उकरून काय उपेग? बसा खाली. म्होरचा इषय घ्या रं."

"उपेग माझा मी बगती," दाराकडून आवाज आला. हिराकाकी भाच्याचा हात सोडून खुर्च्यांमधून चालत आली. दिनकरसमोर क्षणभर थांबली, त्याच्या वाकड्या मनगटाकडं नीट पाहिलं, आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "तू सांगितलंस. आता बस. माझं मला सांगू दे."

ग्रामसेवक हलक्या आवाजात म्हणाला, "आज्जी, जरा थोडक्यात."

"थोडक्यात न्हाई," ती म्हणाली. माईक तिच्या उंचीला येईना, म्हणून तिनं तो बाजूला सारला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवले. "त्या दिशी पाटाला पानी आलं हुतं. ह्यानं माझा बांध फोडला. मी लिंपला..."

मी खाली बसले आणि ऐकायला लागले.